लांबी, डांबर आणि आमची मारुती

"अजून ती मारुतीच का?" हा प्रश्न मला वर्षातून साधारण चार वेळा विचारला जातो. गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या तरी लग्नात, आणि भर पावसाळ्यात गाडीतून उतरताना ज्याचे मोजे ओले झालेले असतात त्याच्याकडून. चौथा प्रश्नकर्ता यंदा माझी सात वर्षांची भाची होती. मागच्या सीटवरून ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुझ्या गाडीत खालून पाऊस पडतो."

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर चटई उचलली आणि हसू थांबलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही मारुती ८०० बाबांनी १९९९ साली घेतली. या गाडीचं उत्पादन २०१४च्या जानेवारीत बंद झालं, बाबा त्याआधीच गेले, पण आमची गाडी चालू राहिली. इंजिनाची कधी तक्रार नाही. तक्रार आहे ती पत्र्याची. भिवंडीत गाडी ठेवायची म्हणजे चार महिने पाऊस, खाडीकडून येणारी दमट हवा, आणि रस्त्यावर तळी साचली की त्यातूनच जायचं. वर इथली खास भेट म्हणजे लूमची रुई. ती गॅलरीत येते, कुलरमध्ये येते, आणि गाडीत कुठे कुठे जाऊन बसते ते पुढे सांगतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी गाडी एका गॅरेजला दिली होती. गॅरेजचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका गॅरेजचा नाहीच. "फ्लोर थोडा गंजलाय, करून टाकतो" असं म्हणून त्यांनी चार दिवस गाडी ठेवली आणि १४ हजार रुपये घेतले. गाडी परत आली ती चकाचक. खालून काळं कुळकुळीत डांबरासारखं कोटिंग. मी खूश. आईने पेढे आणले.

आता चटई उचलल्यावर ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला बोटभर पाणी होतं. ते पुसून स्क्रूड्रायव्हरने जरा टोचलं, तर तो मुठीपर्यंत आत गेला. पत्रा नव्हताच. होती ती लांबी. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: भिंतीचे खड्डे बुजवायला रंगारी जी पुट्टी भरतात ना, तीच. आणि लांबी भोकातून खाली पडू नये म्हणून तिच्यामागे कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. बोळा सोडवला तर त्यावरची गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली तारीख अजून वाचता येत होती.

हे भोक सीटबेल्टचा खालचा बोल्ट जिथे बसतो तिथून वीतभर अंतरावर होतं. त्या बेल्टच्या भरवशावर मी भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, शेजारी बसवून महामार्गावरून नाशिकला गेलो होतो.

म्हणून आजची पोस्ट जरा रागातच लिहितोय. सांभाळून घ्या.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चॅसी असते. वरचा पत्रा गंजला तरी सांगाडा उभा राहतो. मारुती ८०० सारख्या गाडीत वेगळी चॅसी नसते. फरशी, दाराखालचे उंबरठे, खांब, छप्पर हे सगळं मिळूनच सांगाडा. म्हणजे फरशीला लांबी भरणं हे भिंतीचा खड्डा बुजवण्यासारखं नाही, ते मोडलेल्या हाडावर पावडर थापण्यासारखं आहे. बंपरवरच्या खड्ड्याला लांबी भरा, माझी काही हरकत नाही. ज्या पत्र्यावर माणसाचा जीव टांगलाय तिथे ती भरणाऱ्याला कारागीर म्हणायची माझी तयारी नाही.

आणि ते डांबरी कोटिंग? गंज म्हणजे काय, तर लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू. शाळेत शिकलोय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून फुगवतो आणि पापुद्रे काढतो. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर कोटिंग मारलं तर ते उपयोगीच आहे. पण ओल्या, गंजक्या पत्र्यावर मारलं तर ओल आत कोंडली जाते. बाहेरून काळी चकाकी, आतून गंजाचं काम बिनबोभाट चालू. उलट आता तो दिसतही नाही. आम्ही पैसे देऊन गंजाला पडदा शिवून दिला.

पण खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आला, आणि तो थोडा स्वतःवरही होता. त्या चार दिवसांत "पाणी येतंय कुठून?" हा प्रश्न कुणीही विचारला नाही. गॅरेजवाल्याने नाही, आणि मीही नाही. गंज हा रोग नाहीच हो, ते लक्षण आहे. पाणी थांबवलं नाही तर नवा कोरा पत्रा लावला तरी तो सडणार.

मग एका रविवारी आम्हीच बसलो. पद्धत अगदी सोपी आहे. सीट आणि चटया बाहेर, आत वर्तमानपत्रं पसरायची (या वेळी योग्य कामासाठी :-)), एक माणूस बॅटरी घेऊन आत, दुसरा बाहेरून पाणी ओतणार. पाणी जोरात मारायचं नाही, मगाने सावकाश ओतायचं, आणि खालून सुरुवात करत एकेक सांधा घेत वर जायचं. वरून सुरू केलंत तर सगळीकडूनच ओघळ येतात आणि काही कळत नाही. आत आई बसली होती. थोड्या वेळाने ती ओरडली, "आलं, आलं! पाणी आलं!" आणि वरच्या मजल्यावरच्या दोन काकू हंडे घेऊन धावत खाली आल्या. भिवंडीत या वाक्याचा एकच अर्थ होतो.

असो. पाणी तीन ठिकाणांहून येत होतं.

पहिलं, वायपरच्या खालच्या जाळीतून. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या जाळीतून आत पडतं आणि बाजूच्या वाटेने खाली जमिनीवर जातं, अशी रचनाच असते. आमच्या गाडीत ती वाट बंद होती. तारेने उकरलं तर आधी पिंपळाची पानं निघाली आणि मग रुई. ओली, काळी, दाबून बसलेली, मूठभर लूमची रुई. वाट बुजली की पाणी तुंबतं आणि डॅशबोर्डच्या मागून आत उतरतं.

दुसरं, दारं. हे मला माहीतच नव्हतं. दाराच्या आत पाणी जाणारच, काच वर-खाली होते त्या फटीतून ते जातंच. म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. आणि आतल्या पॅनेलच्या मागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, दारातलं पाणी आत येऊ नये म्हणून. आमच्या तळाच्या भोकांवर रंगाचा आणि मातीचा थर, आणि मागच्या एका दाराचा कागद गायब. कधीतरी काचेचं हँडल दुरुस्त करताना कुणीतरी तो फाडला, आणि "याचा काय उपयोग" म्हणून परत लावला नाही. तो दहा रुपयांचा कागद नव्हता म्हणून आमची फरशी सडली.

तिसरं, पुढच्या काचेचं रबर. एका कोपऱ्यात ते कडक होऊन आकसलं होतं.

या तिन्हीचा मिळून खर्च? नवं रबर, जाड प्लास्टिक, चिकटवायचा गोंद आणि तार. तार घरचीच होती.

त्यानंतर आठवडाभर गाडी पंख्याखाली वाळवली आणि मगच पत्र्याला हात लावला. सगळी लांबी आणि गंज खरवडून, ठणठणीत लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापून टाकला. बशीएवढं वाटलेलं भोक शेवटी ताटाएवढं झालं. हा क्षण वाईट असतो, पण चुकवायचा नाही. सडक्या कडेला नवा पत्रा जोडून काही उपयोग नाही. वेल्डिंग माझं काम नव्हे. लूमचे सुटे भाग जोडून देणारे एक ओळखीचे चाचा आहेत, ते सीओटू वेल्डिंगचं मशीन घेऊन आले. साध्या वेल्डिंगने इतका पातळ पत्रा जळून भोकं पडतात, म्हणून हे. बॅटरीची वायर सोडवली, खालून पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहून ती बाजूला घेतली, पाण्याची बादली आणि ओलं पोतं शेजारी ठेवलं. चाचांनी आधी विचारलं, "पानी बंद किया?" मी हो म्हटल्यावरच त्यांनी मशीन लावलं. १४ हजारांत जो प्रश्न आला नव्हता, तो इथे चहाच्या आधी आला.

मग प्राइमर, सांध्यांवर सीलंट, रंग, आणि सगळ्यात शेवटी खालून कोटिंग. तेच काळं कोटिंग, पण आता त्याच्या जागी. उंबरठ्याच्या पोकळीत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, तेल फवारलं. एकूण खर्च ४६०० रुपये आणि तीन रविवार.

आता भावोजींचा मुद्दा. (भावोजी ही पोस्ट वाचणार, मला माहीत आहे.) त्यांचं म्हणणं, "अरे, सरकारच सांगतंय जुन्या गाड्या काढा म्हणून." भावोजी, सरकार नेमकं तसं म्हणत नाही. ऑगस्ट २०२१मध्ये जे भंगार धोरण आलं त्यात खासगी गाडीला २० वर्षांनंतर तपासणी आहे. नापास झाली तर भंगार. म्हणजे प्रश्न अवस्थेचा आहे, आणि तो मला मान्य आहे. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५००० झाली, २०२४मध्ये मी ती भरली, वर पर्यावरण कर भरला. कुरकुरत भरला, पण भरला. जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडतं हेही मान्य. म्हणूनच ही गाडी रोज काढत नाही.

मला जे पटत नाही ते वयावरून फाशी देणं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि २० वर्षं भरली म्हणून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. ती धडधाकट आहे की खिळखिळी, याचा त्या तारखेशी काही संबंध नव्हता. उलट दोन वर्षांची गाडी दाराची भोकं बुजवून, ओल्या चटईवर चटई टाकून वापरा, मग बघा तिचं काय होतं. वय तपासायला कॅलेंडर पुरतं. अवस्था तपासायला चटई उचलावी लागते, आणि तीच उचलायचा आपल्याला कंटाळा आहे.

आणि हा कंटाळा फक्त गाडीपुरता नाही. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे आपल्या गावात पटेल कंपाऊंडमध्ये इमारत कोसळली, ३५हून जास्त माणसं गेली. मी त्या इमारतीबद्दल निवाडा देत नाही, मी आमच्याच जिन्याबद्दल बोलतो. गच्चीतून पाणी झिरपतं, आतली सळई गंजते, फुगते, सिमेंटचे पोपडे पडतात. आमच्या सोसायटीने दोनदा त्यावर प्लास्टर मारून डिस्टेंपर लावला. गच्ची एकदाही बघितली नाही. परवाच्या मीटिंगमध्ये मी हेच बोललो तर सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही गाडीवाले, तुम्हाला सगळीकडे गंज दिसतो." दिसतो खरा. आता दिसायला लागलाय.

तेव्हा नातेवाईकांना आणि ब्लॉगर मित्रांना एकच विनंती. आपली गाडी जुनी असो की नवी, येत्या रविवारी चटई उचला. तळाला हात लावून ओल बघा. दाराच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. वायपरखालची पानं काढा. आणि गॅरेजला गाडी देणार असाल तर दोनच गोष्टी विचारा: पाणी कुठून येत होतं, आणि रंग मारायच्या आधी मला पत्रा दाखवणार का? दुसऱ्या प्रश्नाला जो "कशाला उगाच" म्हणेल त्याच्याकडून गाडी परत आणा.

आमच्या मारुतीच्या मागच्या चाकांच्या कमानीतही थोडा गंज आहे. तो पुढे सरकून चाकं जिथे सांगाड्याला धरलेली असतात तिथवर पोचला आणि आमच्या हातचं राहिलं नाही, तर त्या दिवशी मीच तिला भंगारात नेऊन देईन, भावोजींना बोलवायची गरज पडणार नाही. पण ती जाईल ते तिची खरी अवस्था बघून. कुणाच्या लग्नात कुणी नाक मुरडलं म्हणून नाही.

काल सकाळपासून संततधार होती. भाची मुद्दाम पांढरे मोजे घालून मागे बसली. बाजारपेठेतून कल्याण नाक्यापर्यंत फिरवून आणलं. उतरल्यावर तिने दोन्ही पाय वर करून तळवे दाखवले.

कोरडे.