चेंडू टाकून झाल्यावर

पाऊस उघडला आणि आमच्या वसईच्या मैदानांवर पुन्हा यष्ट्या रोवल्या गेल्या. परवा पुतण्या घरी आला तो हनुवटीवर फडके धरूनच. चार टाके पडले. त्याचे म्हणणे एकच, "काका, चेंडू टाकला होता मी! माझं काम झालं होतं."

आता हसावे की रागवावे? खेळपट्टी २२ यार्डांची खरी. पण गोलंदाज पुढे धावत गेलेला असतो, फलंदाजही पाऊल पुढे टाकतो. मध्ये उरतात १५-१६ यार्ड. ताशी १०० किलोमीटर वेगाने परतलेला चेंडू तेवढे अंतर सुमारे अर्ध्या सेकंदात तोडतो. तेवढ्यात खाली गेलेली मान वर व्हायची, दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे आणि हात छातीसमोर यायचे!

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर उभा असतो. त्याच्या हातात निदान मोजा तरी असतो. शिवाय चेंडू उजवीकडे गेला आणि पहिल्या बेसवरचा गडी तो अडवायला पुढे धावला, तर रिकाम्या बेसवर यानेच पळत जायचे. आपल्याकडेही तसेच आहे. चेंडू दुसरीकडे गेला, तर गोलंदाजाने मागे फिरून यष्टीपाशी पोहोचायचे. फेक येईल तेव्हा यष्ट्या आपल्या आणि चेंडूच्या मध्ये हव्यात.

बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकांत फक्त ५ धावा दिल्या. लागोपाठ २१ षटके निर्धाव! आपण त्यांच्या अचूक टप्प्याचे कौतुक करतो, आणि ते योग्यच. पण सरळ परतलेला एक चेंडू गोलंदाजाच्या हातून निसटला, तर कसले निर्धाव षटक?

हे शहाणपण मला उशिरा आले. तरुणपणी एका अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात झेल सुटला, म्हणून मी खेळपट्टीच्या मधोमध डोक्याला हात लावून उभा राहिलो. फेक माझ्याच टोकाला आली. यष्टीपाशी कोणी नव्हते. चेंडू सीमेपार गेला आणि करंडक दुसऱ्या गावाला. आमचा कप्तान आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

हल्ली संध्याकाळी अंगणात पुतण्या रिकामाच हात फिरवतो आणि मी समोरून रबरी चेंडू मारतो. काल दहांतले सहा त्याने अडवले. सुटलेल्यांपैकी एक वहिनींच्या तुळशीवृंदावनावर आदळला, म्हणून आज सराव बंद आहे.