कव्हर बंद झालं की काम सुरू होतं

गिअरलेस गाडीचा बेल्ट आणि रोलर घरी बदलायचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि बहुतेक सगळे एकाच जागी संपतात. डावीकडचं कव्हर बसतं, शेवटचा बोल्ट टाइट होतो, दादा एक राउंड मारून येतो आणि अंगठा दाखवतो. आठवड्याभराने तीच गाडी उचलताना थरथरायला लागली किंवा चढावर दम टाकायला लागली, तर काय? ते कुणी दाखवत नाही. माझं स्पष्ट मत आहे, ज्याची हे दुसरं काम करायची तयारी नाही, त्याने पहिल्या कामालाही हात लावू नये.

आधी आत काय आहे ते बघू. 'गिअरलेस' म्हणजे ट्रान्समिशनच नाही, असं अनेकांना वाटतं. असतं की! दात्यांच्या गिअरबॉक्सच्या जागी दोन पुली आणि एक रबरी बेल्ट, एवढंच. ही आयडिया नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये कारमध्ये आणली. आपल्या रस्त्यांवर ती दिसायला लागली 1984 च्या काइनेटिक होंडापासून. पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये रोलर असतात. रेस वाढली की ते बाहेर फेकले जातात, पुलीची एक बाजू ढकलतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो. झाला गिअर चेंज, तुम्हाला न विचारता. मागच्या पुलीवरच क्लच बसलेला असतो. त्याचे शू पसरून बाहेरच्या ड्रमला टेकले की चाक फिरतं.

एवढं डोक्यात बसलं की लक्षणावरून जागा कळते. उचलतानाच थरथरतेय? बेल्टला शिव्या घालू नका, आधी शू आणि ड्रम बघा. ते घासून गुळगुळीत झाले असतील, नाहीतर तुमचा ग्रीसचा हात तिथे लागला असेल. इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही? बेल्ट किंवा शू घसरतायत. सिग्नलला रेस न देता गाडी पुढे सरकतेय? आयडलिंग चेक करा, मग क्लचच्या स्प्रिंग. किक खाली गेली ती परत वर येईना? कव्हर बसवताना आतला किकचा भाग नीट बसलेला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा बेल्ट कडक असतो. तो बसवताना मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोलवर दाबावा लागतो, म्हणजे पुढे ढिलाई मिळते. हे केलं नाही तर पुढच्या पुलीच्या दोन प्लेटमध्ये बेल्ट चिमटतो. तुम्ही नट आवळता, तो टाइट लागतो, पण खरं तर तो बेल्टवर दाबलेला असतो, आतल्या बुशवर नाही. इंजिन फिरलं की बेल्ट आपली जागा घेतो आणि नट ढिला होतो. मग प्लेट क्रँकशाफ्टच्या खाचांवर डुगडुगते आणि त्या खाचाच खाऊन टाकते. क्रँक बदलायचा म्हणजे पूर्ण इंजिन उघडायचं. बेल्टच्या नादात केवढ्याला पडलं बघा! म्हणून नट आवळण्याआधी बोटाने बघा, पुढचा बेल्ट मोकळा हलतोय ना. आणि राउंड मारताना डावीकडून नवीन टकटक ऐकू आली, तर 'बसेल हळूहळू' म्हणू नका. तिथेच बंद करा आणि गाडी ढकलत आणा.

दुसरी खोड आपल्या सगळ्यांची. उघडलंच आहे तर बेल्ट, रोलर, शू, स्प्रिंग सगळंच बदलून टाकू. वर कुणीतरी सांगितलं म्हणून पिकअपसाठी हलके रोलर. मग गाडी थरथरली तर गुन्हेगार कोण? चार संशयित, साक्षीदार शून्य. एका वेळी एक गोष्ट बदला आणि जुने पार्ट लगेच भंगारात देऊ नका. ते परत लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे.

काही गोष्टी मात्र जुगाडावर सोडायच्या नाहीत. पुली अडवायला पंख्याच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, पाती तुटतात. होल्डर आणि टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. क्लचची धूळ फुंकर मारून उडवू नका, ती फुफ्फुसात जाते. आणि गाडी वॉरंटीत असेल तर हा लेख वाचून फक्त ज्ञान घ्या.

एक राहिलंच. या गाड्या मुली रोज चालवतात, पण मुलीने पाना हातात घेतला की पार्किंगमधले काका धावत येतात, 'राहू दे ताई, मी बघतो.' काका, टॉर्च धरा.

'मग गॅरेजवाल्याने काय करायचं?' असं विचारणारे भेटतात. त्याच्याकडे आपण जाणारच आहोत, पण जाताना 'दादा, गाडी कशीतरीच करतेय' एवढंच सांगायला नको. 'गरम झाल्यावर, फक्त उचलताना थरथरते. बेल्ट बदलून 200 किलोमीटर झालेत, शू जुनेच आहेत,' असं सांगून बघा. तो हातातलं काम ठेवून तुमच्या गाडीकडे बघायला येतो, आणि 'अख्खा सेट टाकावा लागेल' म्हणायच्या आधी कव्हर उघडतो.