मॉर्गेंथाऊंची नोकरी

माझ्या पुतणीने यंदा एम. ए. ला ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हा विषय घेतला, आणि तेव्हापासून आमच्या घरातील संबंध जरा ताणलेले आहेत. “हे शिकून पुढं करायचं काय?” असे तिचे वडील, म्हणजे आमचे दादा, दिवसातून एकदा तरी विचारतात.

“कॉलेजात शिकवायचं, नाहीतर सरकारला सल्ला द्यायचा,” ती म्हणते.

“आणि सरकारनं तो ऐकला नाही तर?”

यावर ती चकली मोडीत गप्प बसली. मला मात्र हान्स मॉर्गेंथाऊ आठवले.

हे गृहस्थ १९०४ साली जर्मनीतील कोबुर्ग गावी एका ज्यू डॉक्टरच्या घरी जन्मले. शाळेत पहिले. पहिल्या आलेल्या मुलाने शाळेच्या संस्थापकाच्या पुतळ्याला हार घालायचा, असा तिथला रिवाज होता. १९२२ साली तो मान या ज्यू मुलाकडे आला, तेव्हा जमलेल्या बड्या मंडळींनी नाके दाबून धरली! सत्ता म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना तिथेच मिळाला असावा. पुढे कायद्याचा अभ्यास झाला, जिनिव्हात आणि माद्रिदला अध्यापन झाले. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली. १९३७ साली त्यांनी अमेरिका गाठली. अखेर १९४३ मध्ये शिकागो विद्यापीठात त्यांचे बस्तान बसले.

१९४८ साली ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तो वाचीत आले. सांगणे सरळ होते. राष्ट्रे सद्‌गुणांवर चालत नाहीत, हितसंबंधांवर आणि सत्तेवर चालतात. म्हणून धर्मयुद्धाचा आव आणू नये, आपले हित आणि आपली ताकद नीट मोजावी. परराष्ट्र खात्याच्या धोरण विभागाचे प्रमुख जॉर्ज केनन यांनी १९४९ साली त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. पुढे संरक्षण खात्यानेही बोलावले. ही काही पूर्ण वेळेची चाकरी नव्हे. वॉशिंग्टनला जायचे, मत द्यायचे, आणि परत शिकागोला येऊन तास घ्यायचे.

घोडे पेंड खाल्ले ते व्हिएतनामपाशी. सत्तेचे पाठ देणारा हा माणूस युद्धाच्या बाजूने उभा राहील, असे कोणालाही वाटले असते. पण ते म्हणू लागले की हो चि मिन्ह यांच्यामागे राष्ट्रवादाचे बळ आहे, ते कोणाच्या हातचे बाहुले नव्हेत. आणि युरोपात रशियाला थोपविले तसे आशियात चीनला फौजेने थोपविता येणार नाही. एप्रिल १९६५ मध्ये त्यांनी हे न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत उघड लिहिले. त्याच वर्षी संरक्षण खात्याचे सल्लागारपद गेले.

२१ जून १९६५ रोजी टेलिव्हिजनवर त्यांचा सामना झाला तो राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी. बंडीही मूळचे विद्यापीठातलेच. हार्वर्डचे डीनपद सोडून १९६१ साली व्हाइट हाउसमध्ये आलेले. त्यांनी काय करावे? मॉर्गेंथाऊंचे जुने लेख काढून त्यांतील चुकलेली भाकिते वाचून दाखविली. लाओस हातचा गेलाच, असे ते पूर्वी लिहून बसले होते, आणि लाओस तर अजून जागच्या जागी होता. सुनेने आजच्या आमटीबद्दल काही बोलावे आणि सासूने तिची चार वर्षांपूर्वीची खारट आमटी काढावी, तसा हा प्रकार! लाओसबाबत माझे चुकले असेल, पण म्हणून व्हिएतनामबाबतही चुकतेच आहे असे ठरत नाही, असे मॉर्गेंथाऊ म्हणाले. उत्तर बिनतोड होते; तरी त्या रात्री बंडींची सरशी झाली, असेच पुष्कळांचे मत पडले. लाओस आणि सायगाव दोन्ही १९७५ साली कम्युनिस्टांच्या हाती गेले, तोवर अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन शिपाई मेले होते. व्हिएतनामी माणसे किती मेली ती लाखांत मोजतात.

दुसरा एक जर्मन ज्यू निर्वासित, हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री किसिंजर, मॉर्गेंथाऊंना गुरू मानीत. ते १९६९ साली सुरक्षा सल्लागार झाले, १९७३ साली परराष्ट्रमंत्रीही. व्हिएतनामवरून गुरुशिष्यांचे पटले नाही, पण स्नेह तुटला नाही; १९८० साली मॉर्गेंथाऊ वारले तेव्हा किसिंजरनी त्यांच्यावर जिव्हाळ्याने लिहिले. शिष्याला खुर्ची लाभली. गुरूला लाभली असती का? मला नाही वाटत. आणि लाभली असती तर किती दिवस टिकली असती, तेही सांगवत नाही.

ही सारी हकीकत मी दादांना ऐकविली. पुतणीही कान देऊन होती. दादांनी शांतपणे चहा संपविला आणि विचारले, “म्हणजे सल्लागाराचं काम गेलं. विद्यापीठातली नोकरी?”

“ती राहिली,” मी म्हटले. “शिकागोला ते १९७१ पर्यंत होते.”

“मग बोलायला काय जातंय त्यांचं!” दादा म्हणाले, आणि पुतणीकडे वळून, “आधी प्राध्यापकीचं बघ हो. सल्ला मागाहून दे.”