महापालिकेचे संकेतस्थळ कोणासाठी?

जन्मदाखला, घरपट्टी, नळजोडणी, विवाह नोंदणी, गटाराची तक्रार. यातल्या कशासाठीही महापालिकेत गेलात तर खिडकीवरून उत्तर येते, ‘ऑनलाइन करा.’ ठीक आहे, करू. पण मग ते संकेतस्थळ प्रत्येकाला वापरता आले पाहिजे. कार्यालयाला रॅम्प नसेल तर आपण आवाज उठवतो. संकेतस्थळाला रॅम्प नाही, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आमच्या वस्तीत आम्ही काही मित्रमैत्रिणी रविवारी लोकांचे अर्ज भरून देतो. तिथे त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा दिसतात. मुखपृष्ठावर पदाधिकाऱ्यांचे फोटो, सरकत्या बातम्या आणि निविदा. लोक ‘जन्मदाखला’ शोधतात, तो सापडतो ‘आरोग्य विभागा’च्या पोटात. सूचना म्हणजे कागदाचा स्कॅन केलेला फोटो. अंध विद्यार्थ्याच्या मोबाइलमधले वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तिथे गप्प बसते, कारण त्याला अक्षरे दिसतच नाहीत. काही फायली युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्या डोळ्यांना मराठी दिसतात, सॉफ्टवेअर मात्र भलतेच काही वाचते.

आपल्या समाजाची एक खास अडचण आहे, ती नावाची. नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्यांच्या घरात आडनाव लावायची पद्धतच नाही, त्यांनी काय भरायचे? कोणी वडिलांचे नाव दोनदा लिहितो, कोणी गावाचे. मोहम्मद हे नाव इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते. एक अक्षर चुकले की शोधात ‘नोंद आढळली नाही’ असे येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. त्यामुळे या रकान्यांतली चूक मुलाच्या मागे आयुष्यभर लागू शकते.

‘सायबर कॅफेवाला करून देतो की!’ असे कोणी म्हणेल. देतो, पण पैसे घेऊन. शिवाय आपले आधार, आपला ओटीपी, घरातल्या बाईचा मोबाइल नंबर त्याच्या हाती जातो. स्वतःचा अर्ज स्वतः भरता येणे, यात पैशांइतकाच खासगीपणाचाही प्रश्न आहे.

हे सगळे मागायला कायद्याचा आधार आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांगांची नोंद झाली. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती आणि तंत्रज्ञान सुगम असावे अशी स्पष्ट तरतूद आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारली गेली. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या ऑनलाइन पडताळणीत डोळे मिचकावता आले नाहीत. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

अडचण अशी की महापालिका ‘नवे संकेतस्थळ’ म्हणजे नवा रंग समजते. कोपऱ्यात अक्षर लहान-मोठे करायची बटणे बसवली की काम झाले असे वाटते. खरी पुनर्रचना साधी असते. लोक सर्वाधिक मागतात त्या पाच-सहा सेवा मुखपृष्ठावर, लोकांच्याच शब्दांत. सूचना युनिकोड मजकुरात. प्रत्येक रकान्याला सॉफ्टवेअरला वाचता येईल असे नाव. चित्रातल्या कॅप्चाला आवाजाचा पर्याय. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका फरक. आडनाव ऐच्छिक. नावाच्या शोधात जवळची स्पेलिंगही दिसावीत. उर्दू वाचणारे जिथे बरेच आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना उर्दूतही, उजवीकडून डावीकडे नीट मांडलेल्या. आणि उद्घाटनाआधी चाचणी: एक अंध विद्यार्थी, जुना मोबाइल वापरणारी एक घरकामगार बाई आणि चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणारे एक आजोबा. या तिघांनी मदतीशिवाय दाखला काढला, तरच संकेतस्थळ तयार झाले.

आपल्यातले कितीतरी जण संगणक शिकलेले आहेत. आजच आपल्या शहराचे संकेतस्थळ उघडा. माऊस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या कळीने अर्ज भरून पाहा. मोबाइलवर टॉकबॅक सुरू करा आणि डोळे मिटून घरपट्टीचे पान शोधा. जिथे अडलात त्याचे स्क्रीनशॉट काढा, यादी करा आणि आयुक्तांना लेखी द्या. उत्तर आले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. वस्तीतल्या अंध मुलाला, शेजारच्या बिगरमुस्लिम आजींनाही सोबत घ्या, कारण ही मागणी एका समाजाची नाही. आपल्या नावासाठी रकाना मागताना त्यांच्या डोळ्यांसाठी, हातांसाठीही वाट मागू. अशा एकत्र मागणीला टोलवणे महापालिकेलाही जड जाईल.