दिवा हिरवा झाला म्हणजे अर्थिंग झालं नाही!

आज पिकाचं नाही, पडवीतल्या बोर्डाचं बोलायचंय.

गेल्या महिन्यात घरी इलेक्ट्रिक कार आली. पहिल्याच रात्री चार्जरवर लाल दिवा, अर्थिंग नाही. वायरमन आला, बोर्ड उघडला, न्यूट्रलवरून वायरचा तुकडा घेऊन अर्थिंगच्या पिनला जोडला. दिवा हिरवा. "झालं दादा, चालतंय की!"

ही दुरुस्ती नाही, चार्जरला फसवणं आहे. आपल्याकडं खांबावर न्यूट्रल तुटणं काय नवं आहे का? ज्या दिवशी तुटेल, त्या दिवशी घरातल्या चालू बल्ब-फ्रिजमधनं करंट त्या तुकड्यावाटे थेट गाडीच्या पत्र्यावर येणार. टायर रबराचे, म्हणून कुणाला कळणार नाही. ओल्या अंगणात अनवाणी पोरानं दाराला हात लावला की मगच कळेल. चार्जर अडून बसतो तो आपला जीव वाचवायला.

दुसरं, "गिझर चालतो तर गाडी का नाही?" अहो, गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर. 3.3 किलोवॉटचा चार्जर 230 व्होल्टला 14 अँपिअरच्या वर सलग ओढतो. करंट दुप्पट झाला की ढिल्या जोडावरची उष्णता चौपट होते. जुना सॉकेट वितळतो तो असा. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवणं म्हणजे तर फ्यूजला जाड तार बांधणं.

पाच एचपीच्या मोटारीला आपण कधी एक्स्टेन्शन बोर्ड लावलाय का? तिला वेगळी केबल, वेगळा स्टार्टर. मग लाखोंच्या गाडीलाच काटकसर का?

मी तो तुकडा काढायला लावला. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा घेतला, उन्हाळ्यात त्यात पाणी घालणार. मीटरपासून वेगळी लाइन, 4 एमएमची तांब्याची वायर, आयएसआय मार्कचा नवा 16 अँपिअरचा सॉकेट, वायर आणि सॉकेटला झेपेल तेवढाच एमसीबी आणि 30 मिलीअँपिअरचा, टाइप ए आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी.

आता वायरमनला एकच प्रश्न विचारा: अर्थिंगच्या पिनला आलेली तार खड्ड्यातून आलीय का न्यूट्रलवरून? तो "चालतंय की" म्हणाला तर दुसरा वायरमन बघा.