'राहू द्या' म्हणण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक घडली. ती वाचकांपुढे मांडल्यावाचून आमच्या मनाचा भार हलका व्हावयाचा नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध विधवा भगिनीच्या कानात वर्षभरापूर्वी शस्त्रक्रिया करून 'कॉक्लिअर इम्प्लांट' बसविण्यात आले. अनेक वर्षांनंतर त्यांना देवळातील घंटा ऐकू येऊ लागली. त्यांच्या पतीच्या पुण्यतिथीची मिस्सा सकाळी सहा वाजता ठरल्याचे आम्ही त्यांना फोनवरून कळविले. त्यांनी दोनदा विचारले. आम्ही दोनदा ओरडून सांगितले. तिसऱ्यांदा विचारताच, "राहू द्या मावशी, मुलाला सांगतो," असे म्हणून आम्ही फोन ठेवला, आणि मुलाला सांगण्यास विसरलो.

दुसऱ्या दिवशी त्या मिस्सेस दिसल्या नाहीत. प्रकृती बरी नसेल, असे आम्ही सोयीने गृहीत धरले. दहा वाजता पाहतो तो हाती फुले व मेणबत्त्या घेऊन त्या रिकाम्या देवळात बसलेल्या! 'सहा'चे त्यांनी 'दहा' ऐकले होते. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, वेळ मला नीट ऐकू आली नाही; 'राहू द्या' मात्र स्पष्ट ऐकू आले."

यात त्यांचा यत्किंचितही दोष नव्हता. निरोगी अंतर्कर्णात ध्वनीची वार्ता मेंदूकडे पोहोचविणाऱ्या मुख्य केशपेशी सुमारे ३,५०० असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम बहुधा १२ ते २२ विद्युत्-अग्रांवर भागवावे लागते. त्यातून साधा दूरध्वनी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी वाहून नेतो. 'स' आणि 'श' यांचा सीत्कार बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून तो वाटेतच गळतो. बोलणाऱ्याचे ओठही दिसत नाहीत. अशा वेळी ओरडल्याने गळालेले अक्षर परत येत नाही. उलट आवाज अधिकच विकृत होतो.

१८७६ साली दूरध्वनीचे एकस्व मिळविणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांच्या मातेस ऐकू कमी येई आणि पत्नी मेबल या बालपणापासून बधिर होत्या. अशा घरच्या माणसाने जगास दिलेले यंत्र बधिरांस दूर लोटण्याचे साधन व्हावे, ही खेदाची गोष्ट नव्हे काय?

तथापि उपाय आहेत. फोन कानाच्या छिद्राशी न धरता कानामागील यंत्राच्या मायक्रोफोनजवळ धरावा. यंत्रात 'टेलिकॉइल' असल्यास ती सुरू करावी, अथवा ब्लूटूथने आवाज थेट यंत्रात घ्यावा. आरंभी शांत खोलीत, ओळखीच्या एकाच माणसाशी सराव करावा. आमच्या या मावशी आता रोज सायंकाळी दिवसाचे शुभवर्तमान समोर उघडून बसतात. भाची फोनवरून वाचते आणि त्या बोटाने ओळी जुळवीत जातात.

परंतु अर्धे काम बोलणाऱ्याचे आहे. आधी आपले नाव व विषय सांगावा. सावकाश बोलावे, ओरडू नये. शब्द कळला नाही तर तोच पुन्हा न उच्चारता दुसऱ्या रीतीने सांगावा: 'पाचानंतर येणारे सहा'. 'ऐकू आले का?' असे विचारल्यास मनुष्य संकोचाने 'हो' म्हणतो. म्हणून 'किती वाजता येणार?' असे विचारावे. महत्त्वाची वेळ लिहूनही पाठवावी.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका बहिऱ्या मनुष्यास बरे करतो. तत्पूर्वी तो त्याला गर्दीतून बाजूला, एकांतात नेतो. चमत्कार करण्याचे सामर्थ्य आपणांपाशी नाही; पण एका माणसासाठी गर्दीतून बाजूला होऊन थांबणे आपणांस सहज शक्य आहे. आम्ही तेवढेही केले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी ती मिस्सा आम्ही पुन्हा अर्पण केली. आदल्या दिवशी फोन करून वेळ सांगितली आणि थांबलो. पलीकडून उत्तर आले, "पाचानंतरचे सहा. येते, फादर." आणि पावणेसहालाच त्या पहिल्या बाकावर होत्या.