फुकटच्या पासची किंमत

'पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा आणि फूड अँड वाईन फेस्टिवलचे दोन पास जिंका!' उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांमधले आपले तरुण-तरुणीही हल्ली असल्या स्पर्धांच्या मागे लागलेत. फुकट मिळतंय तर बिघडलं कुठे, असा त्यांचा सवाल असतो. आमचा उलट सवाल आहे : यात फुकट काय आहे?

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम २४ ने दारूच्या जाहिरातीला मनाई केली आहे. म्हणून पळवाट निघाली. जाहिरात सोड्याची, संगीताची, फेस्टिवलची. गिऱ्हाईक मात्र दारूचं. पाससाठी तुम्ही जी पोस्ट पसरवता, ती याच जाहिरातीची बिनपगारी हमाली आहे. राबतात शेकडो, पास मिळतो दोघांना.

दुसरा मुद्दा मापाचा. वस्तीत हातभट्टी सापडली की आख्खी वस्ती 'व्यसनी' ठरते. द्राक्षमळ्यात हातात ग्लास आला की तीच 'संस्कृती' होते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर गरिबांचे बळी घेतले. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय घेतला आणि नाव पुढे केलं शेतकऱ्याचं! आमचा विरोध दोन्ही बाटल्यांना आहे.

आणि त्या 'फूड'मध्ये आपलं ताट कुठे आहे? आपल्या अन्नाची नोंद व्हावी म्हणून शाहू पाटोळे यांना 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहावं लागलं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने आपल्या दोरीवरच्या चान्या उतरवल्या. तेव्हा यातला कोणता खाद्यप्रेमी बोलला?

२००८ साली नाशिकच्या द्राक्षमळ्यात सुलाफेस्ट सुरू झाला. त्याच नाशिकला २ मार्च १९३० रोजी आपले आजे-पणजे काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला गेले होते. त्यांनी दगड खाल्ले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शीलही तेच सांगतं. विहारात ते म्हणायचं आणि मोबाईलवर वाईनचा प्रचार करायचा, हे चालणार नाही.

तरुणांनो, मित्रांना टॅग करायचंच असेल तर येत्या १४ एप्रिलला विहाराच्या अंगणात बोलवा. बाजरीची भाकरी, सुकट, वजडी, अंबाडीची भाजी मांडा. शेजारच्या कॅम्पातल्या सिंधी, मुस्लिम, आदिवासी घरांनाही ताट आणायला सांगा. या मेळ्याला पास लागणार नाही.

जय भीम!